शटर उघडं ठेवून : मिरजेतल्या काही नोंदी

३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापना

आजपासून ही वेगळी वही. लग्नाच्या ऑर्डरींच्या वहीत हे लिहायचं नाही, नाहीतर ‘हळद, सकाळी ७, दोन कॅमेरे’ याच्या खाली ‘दुःख, १५ सेकंद’ असं काहीतरी यायचं आणि ते नेमकं एखाद्या वरपित्याच्या नजरेला पडायचं.

अकरा वर्षं झाली, मी माणसांचे फोटो सेकंदाच्या दोनशेव्या भागात काढतोय. अंतरपाट, सप्तपदी, पाठवणी. पाठवणीला नवरी रडते, फ्लॅश उडतो, आणि अल्बम बघताना ती रडत होती की शिंकत होती ते तिलाच सांगावं लागतं. तेवढ्याशा वेळात चेहरा मिळतो, पण माणसाला आत काय होतंय ते मिळत नाही, असं हल्ली फार वाटतं. म्हणून उलटं करून बघायचं. शटर दहा, वीस, तीस सेकंद उघडं ठेवायचं आणि तेवढ्या वेळात समोरचा जसा असेल तसा एकाच चित्रात साठू द्यायचा.

आराखडा : नऊ माणसं, नऊ फोटो, नवरस. नाट्यशास्त्रात मूळ आठच, शांत मागाहून आला, हे माहीत आहे. पण नऊ फ्रेम भिंतीवर तीन बाय तीन झकास बसतात.

सामान : निकॉन डी७५०, ५० आणि ८५ च्या लेन्स, व्हिडिओचा जड ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर उघडायचं वायरचं बटण). लक्ष्मी मार्केटातून चार मीटर काळं वेलवेट आणलं. दुकानदारानं विचारलं, "गणपतीचं मखर आत्तापासूनच?" हो म्हणून टाकलं. जागा म्हणजे आमच्या घराची माडी, उत्तरेला एकच खिडकी.

७ ऑक्टोबर

दिवसभर आकडेमोड. खिडकी अर्धी लावून, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप) वर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर दोन सेकंद दाखवतो. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी गडद काच, लावला की वेळ तीनदा दुप्पट, एकूण आठपट, म्हणजे सोळा. छिद्र लहान करून एफ/११ केलं की बत्तीस. कॅमेरा आपण होऊन तिसाच्या पुढे जात नाही. त्यापुढे बल्ब मोडवर (बटण दाबलेलं असेतो शटर उघडं) टाकायचं, केबलचं बटण दाबून अडकवायचं आणि मनातल्या मनात मोजायचं.

आधी स्वस्तातला फिरवायचा एनडी वापरला होता, ज्याची रिंग फिरवली की काच गडद होते. जास्त फिरवल्यावर फोटोवर भली मोठी काळी फुली आली. तो सरळ ड्रॉवरमध्ये गेला.

मग स्टीलच्या फुलपात्रावर प्रयोग केला. वेलवेटसमोर स्टुलावर ठेवलं, वीसातले दहा सेकंद झाल्यावर अलगद उचललं. फोटोत अर्धं पारदर्शक फुलपात्र. तेच पांढऱ्या भिंतीसमोर केलं तर जवळजवळ गायब. सरळ आहे. सेन्सर म्हणजे पावसात ठेवलेली बादली, कुठला थेंब कधी पडला हे तिला कळत नाही, एकूण किती पडलं एवढंच कळतं. फुलपात्र उचलल्यावर भिंत तिथं पांढरा उजेड ओततच राहिली. काळ्या कापडानं काहीच ओतलं नाही म्हणून फुलपात्र टिकलं.

म्हणजे वेलवेट शोभेसाठी नाही. जे जितका वेळ जिथे राहिलं तितकंच तिथे उमटणार, आणि मागचा काळोख ते पुसणार नाही. तिसातले दोन सेकंद हात कपाळाला लागला तर कपाळावर हाताची नुसती शंका येईल.

पापणीची काळजी नाही. ती मिटते तो वेळ इतका थोडा की वीस सेकंदांत तिचा मागमूस राहत नाही. बुबुळं मात्र हलली की डोळा पांढुरका, देवळातल्या जुन्या मूर्तीसारखा. बसणाऱ्याला बघायला एक ठिकाण द्यावं लागेल. दाराच्या कडीला लाल दोरा बांधलाय.

दुसरी भानगड तक्तपोशीची. माडी जुनी, लाकडी. शटर उघडं असताना मी खिडकीकडे दोन पावलं गेलो तर अख्खा फोटो दुहेरी आला. तेव्हापासून बटण दाबलं की बगळ्यासारखा जागच्या जागी.

१२ ऑक्टोबर, दसरा

कॅमेरा आणि लेन्स पाटावर, ट्रायपॉडला झेंडूचा हार. आई म्हणाली, त्या काळ्या कापडावर हळदकुंकू वाहू नकोस, डाग जायचा नाही. काम बंद.

१९ ऑक्टोबर

सांगलीहून नाटकवाला मित्र आला. हौशी नाट्यस्पर्धेत वीस वर्षं काम करतोय, चेहऱ्यावर हुकमत आहे. नवरस म्हटल्यावर गडी हरखला, घरून काळा कुर्ता इस्त्री करून घेऊन आला.

रौद्र : सहा सेकंद, मान गदागदा. हास्य : आठ सेकंद, खांदे उडवत. भयानक : डोळे विस्फारून मागे मागे सरकणं. बीभत्स करताना त्याला खरंच उलटीची भावना झाली, पाणी देऊन बसवावं लागलं. चार तासांत ६३ फ्रेम.

रात्री स्क्रीनवर नऊ निवडून मांडले. रौद्र म्हणजे दुधी हलव्यात दोन दातांच्या ओळी. हास्य म्हणजे तोच हलवा, दात जरा वर. भयानक आणि अद्भुत यांत फरक सांगा आणि हजार रुपये मिळवा. नावं झाकून त्याच्या बायकोला दाखवले. वहिनींनी नऊपैकी दोन ओळखले, त्यातला एक शांत होता. म्हणजे खरं तर एकच.

तो हिरमुसला. मीही.

२१ ऑक्टोबर

दोन दिवस तेच फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. धूसर केलं की भावना दिसते, हे मी गृहीत धरलं होतं. धूसर केलं की फक्त धूसर दिसतं. हलणारा चेहरा हा हलणारा चेहरा असतो, राग वगैरे आपण खालच्या मथळ्यात वाचतो.

इटलीत ब्रागाल्या बंधूंनी १९११ च्या सुमारास हेच करून पाहिलं होतं. टायपिस्टची बोटं, मान लववून केलेला नमस्कार, शटर उघडं ठेवून अख्खी हालचाल फोटोच्या एका काचेवर (फिल्मच्या जागी तेव्हा काच असायची). त्यांचे फोटो आज पुन्हा बघितले तेव्हा एक गोष्ट दिसली जी पूर्वी दिसली नव्हती. नमस्कार करणाऱ्याचं धड कुठून निघालं आणि कुठे थांबलं ती दोन टोकं स्वच्छ आहेत, मधला प्रवास तेवढा धुराचा. दोन टोकं आहेत म्हणून प्रवास कळतो. माझ्या मित्राला मी कुठे थांबूच दिलं नाही.

आणि ज्युलिया मार्गारेट कॅमरून. कोलकात्यात जन्म, १८१५ चा. वयाच्या ४८ व्या वर्षी मुलीनं कॅमेरा भेट दिला आणि बाई सुटल्या. घरातल्या मोलकरणी, शेजारपाजारचे, आलेगेले पाहुणे, दिसेल त्याला धरून बसवायच्या, आणि काचेवरचं रसायन इतकं मंद की कित्येक मिनिटं न हलता बसावं लागे. त्या काळच्या स्टुडिओत मानेमागे लोखंडी चिमटा असायचा, मान पक्की धरायला. बाईंच्या फोटोंत मान किंचित हलते, कडा विरघळतात. जाणकार म्हणवणाऱ्यांनी नावं ठेवली, यांना फोकससुद्धा जमत नाही म्हणून. पण ती माणसं काही करून दाखवत नाहीत, नुसती बसलीत. बसता बसता जे काय निसटलंय ते निसटलंय.

नवरस रद्द. माणसाला काही करायला सांगायचं नाही. जे तो रोज करतो ते करू द्यायचं, किंवा नुसतं बसू द्यायचं.

२७ ऑक्टोबर

आत्याकडे गेलो. दिवाळी चार दिवसांवर, ती ओट्याशेजारी खाली पाटावर बसून करंज्या करत होती. एकटीच. पूर्वी या घरात करंज्यांना सात-आठ बायका बसायच्या, मला आठवतं, आम्ही पोरं सारण चोरायचो. आता बहात्तर वर्षांची आत्या आणि रेडिओ.

"आत्या, तू करत राहा, मी फोटो काढतो."

"अरे पण केस तरी विंचरू दे."

"नको. फक्त डोकं भिंतीला टेकव."

भिंतीशी टॉवेलची घडी लावली, ती डोक्याआड झाकली गेली. आमचा लोखंडी चिमटा तो हाच. मागे वेलवेट टाकलं नाही, स्वयंपाकघराची भिंत धुरानं काळवंडलेलीच आहे. पंचवीस सेकंद. तिनं पारी लाटली, सारण भरलं, कड दाबली, कातण्यानं फिरवून कापलं. पंचवीस सेकंदांत दीड करंजी.

कॅमेऱ्यात लांब एक्सपोजरचा नॉइज घालवायची सोय चालू होती. त्यात असं होतं की पंचवीस सेकंदांचा फोटो झाला की शटर बंद करून कॅमेरा आणखी पंचवीस सेकंद निव्वळ काळोखाचा फोटो घेतो आणि त्यावरून सेन्सरचे ठिपके वजा करतो. तेवढा वेळ कॅमेरा हातात असून नसल्यासारखा. शटरचा आवाज झाला, आत्याला वाटलं झालं. तिनं कातणं ताटात ठेवलं. हात मांडीवर. आणि रिकाम्या पाटांकडे बघत राहिली. दोन पाट तिनं अजून मांडलेले होते, सवयीनं. मी कॅमेऱ्यामागे उभा, समोर हे सगळं, आणि कॅमेरा आपला काळोख मोजतोय.

घरी आल्याबरोबर ती सोय बंद केली. ठिपके पुढे संगणकावर काढता येतील.

मिळाला तो फोटोही वाईट नाही. हात पिठाच्या ढगासारखे. चेहरा जवळजवळ स्थिर. आणि शंभर टक्के मोठा करून बघितल्यावर सापडलेली गोष्ट : तिच्या नाकातली चमकी. खिडकीचा उजेड तिच्यावर पडत होता आणि पंचवीस सेकंद चमकी त्या उजेडानं लिहीत राहिली. तांदळाच्या दाण्याएवढी एक रेघ. वर, खाली, पुन्हा वर, एका ठिकाणी जरा लांब उडी. श्वास. उडी कुठली ते आठवतंय, ती रेडिओवरचं गाणं ऐकून "हे हिला फार आवडायचं" असं पुटपुटली होती. ही म्हणजे माझी धाकटी आत्या, दोन वर्षांपूर्वी गेली.

इथून पुढे हेच शोधायचं. माणूस स्थिर बसायचा प्रयत्न करतो, त्याचा जो भाग ऐकत नाही तो.

५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन

सांगलीत धामधूम. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला तेव्हापासून हे गाव नाटकाचं, आणि आजच्या दिवशी मित्राला घरी गाठणं अशक्य. रात्री साडेअकराला फोन आला. आत्याचा फोटो त्याला पाठवला होता.

"कळलं मला," म्हणाला. "मी तुझ्या कॅमेऱ्याला प्रेक्षक समजत होतो. त्याला प्रेक्षक व्हायचंच नाहीये. त्याला भाडेकरू म्हणून राहायचंय."

नाटकवाल्यांची वाक्यं. पण वहीत उतरवून ठेवतोय.

१० नोव्हेंबर

तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीत. मिरजेत वाढलो तरी आत दुकानात बसलो नव्हतो कधी. भिंतीला ओळीनं टांगलेले भोपळे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात ते, काही कापलेले, काही वाळत. लाखेचा वास. चाचा साठीच्या पुढचे. घरी आबा, त्यांच्या आधी आबांचे वालिद, सगळे याच कामात.

नवा तंबोरा तयार होता, जवारी काढायची बाकी. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं. परत घासायचं. तार घोडीवर इतकीशी टेकावी की आवाज फुलला पाहिजे. मोजमाप नाही, सगळं कानावर.

"मला काय करायचंय?"

"काही नाही चाचा, तुमचं काम करा. मी शटर उघडून बसतो."

"हलू नको म्हणणार असशील तर आधीच सांग बेटा. जवारी न हलता निघत नाही."

एफ/११, वीस सेकंद, दुकानातला एक दिवा. चाचांनी कानशीचे चार हात मारले, फुंकर घातली, दोरा लावला, तार छेडली. आणि थांबले.

इतका स्थिर माणूस मी कॅमेऱ्यासमोर पाहिलेला नाही. भिंतीचा आधार नाही, टॉवेल नाही. मान डावीकडे कललेली, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. तार वाजून विरत गेली, ते तिच्या शेवटापर्यंत बरोबर गेले, मग डोळे उघडून म्हणाले, "नाही." पुन्हा कानस.

अकरा फ्रेम काढल्या, सगळ्यांत एकच गंमत. हात आणि कानस धुरकट. छेडलेली तार मधे रुंद, दोन्ही टोकांना निमुळती, धूपाच्या धुरासारखी पारदर्शक पट्टी. आणि या सगळ्या हलण्याच्या मधोमध चेहरा कोरल्यासारखा, भुवईचा केस न् केस मोजता येईल. पहिल्या दिवसापासून मी समजत होतो की धूसर भाग म्हणजे भावना आणि स्पष्ट भाग म्हणजे नुसता माणूस. इथे पार उलटं आहे. घासणं, फुंकणं हे रोजचं काम, ते वाहून गेलं. ऐकणं तेवढं राहिलं.

निघताना चाचांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तार बघितली. "सुरात नाही ही," म्हणाले. फोटो बघून कळतं का, विचारलं. तर हसले नुसते. चेष्टा होती की खरं, मला अजून समजलेलं नाही.

१७ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं, माणसांची सुरू झाली. या आठवड्यात तीन. सगळीकडे १/२००. एका ठिकाणी चुकून फ्लॅश रिअर कर्टनवर (शटर मिटायच्या क्षणी उडतो तो) राहिला आणि शटर अर्ध्या सेकंदावर. अक्षता टाकणाऱ्या मावशीचा हात रेषारेषांनी येऊन शेवटी फ्लॅशमध्ये लख्ख थांबलाय. अख्ख्या लग्नातला एकमेव बरा फोटो. नवरीच्या भावानं विचारलं, "हा खराब झालाय का?"

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी, शाई लावून आलो. दुपारी शेजारच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत. तिथला एक मुलगा, सत्तावीसचा, सहा वर्षं परीक्षा देतोय. एका भरतीची यादी कधीही लागेल अशी हवा आहे. तो म्हणाला, "दादा, मला काही टेन्शन नाही. काढा."

टेबलाला भिंतीकडची फळी आहे, तिला डोकं टेकवून बसवला. समोर पुस्तक. टेबलाखालून अंग दिसेल असा कॅमेरा खाली घेतला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. हे ठरवून नाही केलं. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टाळायला गेलो.

पंधरा सेकंद. चेहरा खरोखर शांत. पुस्तकावरचे हात शांत, पेनाचं टोपणसुद्धा स्पष्ट. आणि टेबलाखाली उजवा पाय मांडीपासून खाली नाहीच. गुडघ्याच्या जागी करडं वादळ, चपलेचा तेवढा अंगठा जमिनीला टेकलेला दिसतो, कारण तो टेकलेला होता. वरचा अर्धा माणूस आणि खालचा अर्धा माणूस यांची गाठभेट झालेली नाही.

त्याला दाखवला. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आजी लहानपणी मारायची, पाय हलवला की. घरात दळिद्र येतं म्हणून." पुन्हा बघितलं. "मला कळतच नाही तो हलतोय ते." बोलतानाही हलत होता.

हा या कामातला सगळ्यात सरळ फोटो आहे. मी काही केलं नाही, कॅमेरा खाली घेतला एवढंच.

१ डिसेंबर

हे लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारलंय, त्या म्हणाल्या लिहा, पण गाव बदला. बदललंय.

ओळखीतल्या एक वहिनी. नवरा आखातात, रोज रात्री व्हिडिओ कॉल. फोनच्या पडद्याचा उजेड चेहऱ्यावर, कोपऱ्यात झिरोचा बल्ब, बाकी काळोख. मी म्हटलं, चाळीस सेकंद काढतो, तुम्ही बोलत राहा. त्या बोलत होत्या, हसत होत्या. ‘जेवलात का’, ‘इकडे थंडी पडली’. मग कॉल संपला. मला आत्याचे पाट आठवले. मी बटण सोडलं नाही. पडदा विझला होता, झिरोच्या बल्बच्या उजेडात मनात साठपर्यंत मोजलं.

फोटोत दोन चेहरे एकात एक आले. फोनच्या निळ्या उजेडातला हसरा, आणि त्याच्या आतून वर येणारा पिवळा, तोंड मिटलेला. खरं सांगतो, मी हरखलो होतो.

वहिनींनी बघितला. "हा पिवळा फोन ठेवल्यानंतरचा आहे ना?"

"हो."

"त्याला मी हो म्हटलं नव्हतं."

त्यांच्यासमोरच कार्डावरून काढून टाकला, लॅपटॉपवर घेतलेला होता तोही. त्यांनी चहा केला. मी प्यायलो. दुसरं काही बोलणं झालं नाही.

आता नियम असा : बसायच्या आधीच सांगायचं की मी ‘झालं’ म्हटल्यावरही शटर उघडं असेल, कधी बंद होईल ते सांगणार नाही, आणि फोटो पहिल्यांदा तुम्ही बघणार. मित्र म्हणाला, असं आधी सांगितलंस तर माणसं सावध होतील, काही मिळणार नाही. तेव्हापासून तिघांना असं सांगून बसवलं. पंधरा-वीस सेकंदांनी विसरतात. सावध राहणं हेही कष्टाचं काम आहे, फार वेळ झेपत नाही कुणाला.

१४ डिसेंबर, दत्तजयंती

नरसोबाच्या वाडीला जाऊन हात हलवत परत. डोक्यात होतं की गर्दी धुरासारखी वाहतेय आणि मधे एक माणूस स्थिर. एकटेपणा वगैरे. मित्राला दोन तास घाटाच्या पायऱ्यांवर उभा केला. ट्रायपॉडला लोकांच्या पिशव्या अडकल्या, एका आजोबांनी त्याचा आधार घेऊन पायरी उतरून घेतली, शेवटी स्वयंसेवकानं तो उचलायला लावला. बरोबरच होतं त्याचं, त्या गर्दीत तीन पाय पसरणं शोभत नव्हतं.

चार फ्रेम आल्या आणि चारही पाठ झालेल्या. गर्दीत उभा एकटा माणूस हे चित्र मी स्वतः शंभरदा पाहिलंय. रशियात अलेक्सेय तितारेंकोनं सेंट पीटर्सबर्गच्या मेट्रोच्या पायऱ्यांवर १९९२ मध्ये काढलेली गर्दी बघा. तिथे मधे कुणी खांबासारखा उभा केलेला नाही. सगळी माणसं धूर झालीत, फक्त कठड्यावर हात उरलेत, कारण धक्काबुक्कीत प्रत्येकानं कठडा धरून ठेवला होता. सोव्हिएत संघ नुकताच मोडलेला. ते हात कुणी मांडले नाहीत.

बासुंदी खाऊन परत आलो.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

मधल्या महिन्यात फक्त लग्नं आणि निवड. २१४ फ्रेममधून सात ठेवल्या. तीन बाय तीनची भिंत गेली, नवरसांबरोबर.

कोल्हापूरच्या लॅबमधून १२ बाय १८ चे प्रिंट आले, मॅट कागदावर. पहिला हप्ता वाया. वेलवेटचा काळा चिखलासारखा आणि आत्याचे पिठाचे हात काळोखात बुडालेले. चूक माझीच. लॅपटॉपचा उजेड पूर्ण ठेवून रात्री काम करतो, तिथे उजळ दिसतं ते कागदावर गडद येतं. उजेड निम्म्यावर आणून सगळे पुन्हा केले, पैसे पुन्हा भरले.

तिळगूळ द्यायला आत्याकडे गेलो तेव्हा तिचा प्रिंट नेला. तिनं चष्मा लावला, खिडकीपाशी नेऊन बघितला.

"नाकाला केस चिकटलाय बघ काहीतरी," म्हणाली, आणि मला काही बोलायचा अवकाश न देता पदर ओला करून चमकीची रेघ पुसायला लागली. मॅट कागद, लगेच फुगला. ओढून घेतला तोवर नाकाचा शेंडा गेला होता.

मग तिला सांगितलं ते काय आहे. श्वास, रेडिओ, गाणं. ती ऐकत होती. "म्हणजे तेवढं तिथे राहिलं होय," म्हणाली. दुसरा प्रिंट देतो म्हटलं तर नको, हाच राहू दे. पुसलेलाच देवघराशेजारी लावलाय.

२ फेब्रुवारी

वाचनालयाच्या वरच्या खोलीत आजपासून पंधरा दिवस. भाडं नाही, अट एकच, वर्तमानपत्रवाल्यांची बाकं हलवायची नाहीत. त्यामुळे फोटो जरा उंचावर गेलेत आणि बघणाऱ्यांना मान वर करावी लागते. मथळे लावले नाहीत. खाली फक्त सेकंद लिहिलेत : २५, २०, ३०, ४०.

चाचा सकाळीच येऊन गेले. स्वतःकडे ओझरतं बघितलं, तारेकडे बराच वेळ. दुपारी मित्र आला, आणि आल्या आल्या प्रेक्षकांना समजावून सांगायला लागला.

अभ्यासिकेतल्या मुलानं काल निरोप दिला. फोटोला हरकत नाही, पण यादी लागेपर्यंत नको. लागली की त्याच दिवशी लावा, नाव असो नसो. त्याची जागा दोन खिडक्यांच्या मधली, सगळ्यात चांगली, ती कुणाला दिली नाही. खाली ‘१५’ चं कार्ड चिकटवलंय आणि वर खिळा ठोकून ठेवलाय. त्या खिळ्याला सध्या वाचनालयाच्या शिपायानं आपली डब्याची पिशवी अडकवली आहे.